कामाला लावल्याबद्दल आभार, काकू

प्रिय काकू,

प्रभूच्या नावात सलाम.

असलं पत्र तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक असूनही लिहितेय, आणि तेही उघड, कुणालाही वाचता येईल असं. घरी आणून हातात दिलं असतं तर "अगं, हे काय आणि" म्हणत तुम्ही ते न वाचताच बायबलात सरकवून ठेवलं असतं. शिवाय शेवटच्या बाकावर बसून आशीर्वाद व्हायच्या आत निघून जाणारी माणसं प्रत्येक मंडळीत, म्हणजे प्रत्येक चर्चमध्ये, असतात. तेव्हा मी त्यांतलीच एक होते. त्यांच्यापैकी कुणाच्या नजरेस हे पडलं तर बरंच.

बाबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, त्यानंतरचे ते दिवस. प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नव्हते, आणि फुटले तरी छताला आपटून खाली आल्यासारखे वाटायचे. लोक भेटायला यायचे आणि देवाची यात काहीतरी योजना असेल असं सांगून जायचे. असेलही. पण रात्री तीनला ओली चादर बदलणाऱ्या माणसाला योजनेचं काय करायचं ते कळत नाही. तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. उपासनेनंतर मी सटकत होते, तर तुम्ही दारातच अडवून म्हणालात, "घाई नसेल तर जरा हात लाव गं. आज प्रभुभोजन होतं, पेले पुसायचेत."

वेदीमागच्या त्या खोलीत तुम्ही धूत होतात, मी पुसत होते. प्रभुभोजनात प्रत्येकाला द्राक्षरसाचा घोट देतात ते हे पेले केवढेसे, बोटही आत जात नाही. टॉवेलचं टोक पिळून बारीक करायचं, आत घालून फिरवायचं, मग पेला उजेडाकडे धरून तळाशी द्राक्षरसाचा डाग उरलाय का ते बघायचं. मी पुसलेले दोन-तीन पेले तुम्ही न बोलता परत पाण्यात टाकलेत. त्या दिवशी मला देव भेटला असं लिहिलं तर साक्ष छान रंगेल, पण तसं काही झालं नाही. पेले पुसून झाले आणि मी घरी गेले. एवढंच, की त्या दिवशी मंडळीतून निघताना कुणीतरी मला "पुढच्या वेळी येशील ना?" असं विचारलं होतं, आणि ते माझ्या उद्धारासाठी नव्हतं, कामाला माणूस हवं होतं म्हणून होतं. मला त्याचं फार बरं वाटलं.

ब्रदर लॉरेन्सची गोष्ट तुम्ही असेच पेले धुताना सांगितलीत. आधी सैनिक, लढाईत जखमी झालेला, आणि मग पॅरिसमध्ये कार्मेलाइट नावाच्या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात स्वयंपाकघर सांभाळणारा. 1691 मध्ये तो वारला. आयुष्यात त्याने ना मोठी प्रवचनं केली, ना कुठलं पद मिळवलं. मला त्यातली एकच गोष्ट मनापासून भावली, ती म्हणजे त्याला स्वयंपाकघराचा मुळात कंटाळा होता. आवडतं काम करताना देव आठवणं काय, कुणालाही जमेल. हा माणूस नावडत्या भांड्याकुंड्यांत, चहूकडून हाका चालू असताना देवाशी बोलायची सवय लावून घेत होता. मन भरकटलं की स्वतःला न कोसता परत यायचं, बस्स. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याला वेगळी वाटेनाशी झाली ती अशी वर्षानुवर्षांच्या सवयीने. तुम्ही वर म्हणालात, "त्याला मठ होता, तुला घर आहे. भांडी दोन्हीकडे सारखीच."

मग तुम्ही घरी यायला लागलात. पहिल्यांदा आलात तेव्हा आता बायबल उघडणार असं मला वाटलं होतं. तुम्ही पदर खोचलात आणि विचारलंत, "यांना कुशीवर कधी वळवलं होतं?" दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते एकटीने कसं करायचं ते मात्र तुम्ही शिकवलंत. बाबांना एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर गुंडाळत त्यांच्या पाठीपर्यंत आणायची, नवी अर्धी पसरून तिची गुंडाळी तिथेच ठेवायची, मग त्यांना त्या गुंडाळीवरून हलकेच पलीकडे वळवून दोन्ही ओढून घ्यायच्या. माणूस न उचलता चादर बदलते. तुम्ही हे करताना बाबांशी बोलत होतात, "आता वळतोय हं, दादा." त्यांना बोलता येत नव्हतं. मी मात्र बरेच दिवस त्यांना काही न सांगताच वळवत होते.

चादर झाल्यावर तुम्ही वाचलंत ते 88वं स्तोत्र. मला वाटलं होतं 23वं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" ते वाचाल, आजारी माणसापाशी सगळे तेच वाचतात. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत म्हणण्यासाठी आहे. त्यावर तुम्ही काही समजावलं नाहीत, "आमेन" म्हणून बायबल मिटलंत. देवापाशी रडगाणं चालतं, आणि ते छान गोड करून संपवावं लागत नाही, हे मला तोवर कुठल्याही संदेशातून उमगलं नव्हतं.

एलीया संदेष्ट्याचंही तसंच. देव त्याच्याशी मंद वाणीने बोलला तो प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. वारा, भूकंप, अग्नी, आणि मग ती मंद वाणी. तुम्ही मला त्याच्या आधीचं दाखवलंत. राजे पहिलं, अध्याय 19. "आता पुरे, मला मरण दे" म्हणून झुडपाखाली पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो. वाणी त्यानंतर, पुष्कळ चालून गेल्यावर. तेव्हा तुम्ही आणलेला डबा पुढ्यात होता आणि मी जेवत होते. अर्थ लावून द्यायची तुम्हाला गरज पडली नाही.

रात्री दिवस आठवायची सवयही तुमचीच. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने शिकवलेली ही पद्धत त्याच्या कॅथलिक संघातले जेझुइट लोक आजही पाळतात. आधी उपकार मानायचे, मग दिवसाचे तास एकेक करून देवासमोर ठेवायचे, कुठे चुकलं तिथे क्षमा मागायची, उद्यासाठी कृपा मागायची. आपली मंडळी प्रोटेस्टंट, त्यामुळे एक-दोघांनी नाकं मुरडली. तुम्ही म्हणालात, "उपकार मानायला कुणाची परवानगी लागते?" मला सुरुवातीला दिवसात काहीच सापडत नसे. मग हळूहळू दिसू लागलं. बाबांनी घोट नीट गिळला. औषधाच्या दुकानातल्या मुलाने सुट्टे नव्हते तरी औषध दिलं. ते आधीही होतंच, मी मोजत नव्हते.

आता मंडळीबद्दल थोडं, कारण तुम्ही आत्ता शेजारी असतात तर मला गोड गोड लिहू दिलं नसतंत. देव सगळीकडे आहे तर चर्च कशाला, हे मी तुम्हाला कितीदा तरी ऐकवलंय. आपल्या मंडळीत रुसवेफुगवे आहेत. खुर्च्या कुणी लावायच्या यावरून सभा होतात, आणि माइक कुणाच्या हातात असावा हा तर वेगळाच ग्रंथ आहे. तुम्ही मला प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून दिलात. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही कुरकुर झाली, विधवांच्या रोजच्या जेवणाच्या वाटपावरून. त्यासाठी निवडलेले सात जण हिशेबी पाहिजेत एवढंच प्रेषितांनी म्हटलं नाही, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे पाहिजेत म्हटलं. वाढपाच्या कामासाठी! विश्वासासाठी पहिला हुतात्मा झालेला स्तेफन त्यांच्यातलाच.

आणि तुमचा तो नियम. कुणाबद्दल त्याच्या माघारी बोलायचं नाही, बोललं गेलंच तर त्याला जाऊन सांगायचं. हा नियम हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी फिंकेनवाल्डच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, विद्यार्थ्यांना घालून दिला होता. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद केली. एवढ्या धोक्यात राहणाऱ्या माणसांनाही चहाड्यांचा बंदोबस्त करावा लागत होता, हे वाचून मला आपल्या मंडळीबद्दल जरा धीर आला. तुम्ही तो नियम खरंच पाळता हे मला कळलं, कारण एकदा तुम्ही माझ्याच दारात येऊन सांगितलंत, "काल मी तुझ्याबद्दल बोलले. चिडकी आहे म्हणाले. तुला सांगायला आले." राग आलाच. पण त्यानंतर तुमच्यावर जेवढा विश्वास बसला तेवढा कुणावर बसला नाही.

बाबा गेले तेव्हा माइकवाले आणि खुर्च्यावाले दोन्ही गट आले. दफनाच्या आधी कुणी गाणी ठरवली, कुणी पाहुण्यांची सोय पाहिली, मला काही विचारावं लागलं नाही. देवाची उपस्थिती म्हणजे काय असं कुणी मला आज विचारलं तर मी व्याख्या देणार नाही, त्या दिवशी कोणी काय काय उचललं ते सांगेन.

तर काकू, आभार. पेल्यांसाठी, चादरीसाठी, 88व्या स्तोत्रासाठी, आणि चिडकी म्हटल्याबद्दलही.

एक मात्र अजून पटलेलं नाही. पहाटे चारला उठून प्रार्थना करावी, तेव्हा देव जवळ असतो, हे तुमचं म्हणणं. तो सातलाही असतो असा माझा अनुभव आहे. आणि एलीयाला दोनदा झोपू दिलं होतं, हे तुम्हीच दाखवलंयत.

तुमची,
पेले पुसणारी