बाबांचा प्रश्न आणि मागच्या अंगणातलं घर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "लाकडी घराला एवढे पैसे कसले लागतात गं?" आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच कळवते. जमीन आणि मजुरी महाग, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण इथे कॅलिफोर्नियात नव्या घराच्या किमतीत इम्पॅक्ट फीही मुरलेली असते. नवं घर झालं की रस्त्यावर गाड्या वाढणार, बागेत माणसं वाढणार. त्या सोयींचा खर्च शहर किंवा काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) बहुधा परवान्याच्या वेळीच बिल्डरकडून घेते. आपल्याकडच्या विकास शुल्काच्या जातीचंच हे. बिल्डर कर्ज काढून ते भरतो, त्यावर व्याज चढतं. जमीन आधीच चढ्या भावाने घेतलेली असली, तर बराचसा भार घर घेणाऱ्याच्याच माथी येतो.

याचं मूळ बरंचसं १९७८ च्या प्रपोझिशन १३ मध्ये, म्हणजे जनमताने मंजूर झालेल्या एका प्रस्तावात आहे. मतदारांनीच मालमत्ता कर १ टक्क्याच्या आसपास बांधून टाकला. शिवाय घर विकलं जाईपर्यंत करासाठीचं मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतली जुनी मंडळी आमच्यापेक्षा कितीतरी कमी कर भरतात. (माणसं चांगली आहेत, तक्रार नाही!) शहरांची तिजोरी आटली, तसा मोर्चा नव्याने येणाऱ्यांकडे वळला. जो अजून राहायलाच आला नाही, त्याचं तिथे मतही नसतं. मग त्याच्यावर बोजा टाकायला कोण कचरणार?

या फीवरून कोर्टातही भांडण झालं. इथल्याच एल डोराडो काउंटीत जॉर्ज शीट्झ नावाच्या गृहस्थांना स्वतःच्या जागेवर कारखान्यात तयार झालेलं घर बसवायचं होतं. काउंटीने रस्त्यांसाठी २३,४२० डॉलर मागितले. त्यांनी निषेध नोंदवून पैसे भरले आणि कोर्टात गेले. फी लोकप्रतिनिधींनी ठरवलेली आहे एवढ्यावरून ती घटनात्मक तपासणीतून सुटत नाही, असं २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं. सरसकट दरपत्रकाने लावलेली फी चालेल का, हा प्रश्न मात्र खुला ठेवून प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं.

आता आपल्या कामाचं. मागच्या अंगणात तुमच्यासाठी वेगळं छोटं घर बांधायचं चाललंय. अशा घराचं क्षेत्रफळ ७५० चौरस फुटांच्या आत असलं, तर इम्पॅक्ट फी माफ. त्याच्या वर गेलं, की मुख्य घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात लागते. म्हणजे ते मुख्य घराच्या निम्मं असेल, तर फीही निम्मीच. म्हणून आर्किटेक्टने नकाशात ७४० धरलेत. पाणी-ड्रेनेजच्या जोडणीचे पैसे मी वेगळे धरलेत.

आई, तुझं देवघर पूर्वेच्या भिंतीला बसतंय, स्वयंपाकघराची खिडकीही हवी तेवढी मोठी झाली. बाबा, तुमच्या पुस्तकांना मात्र एकच भिंत मिळतेय. कपाटं किती आणि केवढी, ते मापासकट लगेच कळवा. नकाशा मंजुरीला जायच्या आत काय ते ठरवू.

तुमची,
मनू