कॅब ट्रॅक्टरच्या हमीत हंगामाचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अक्षय्य तृतीया जवळ आली आहे. मुरबाड, शहापूर, भिवंडी या भागांत त्या मुहूर्तावर नवा ट्रॅक्टर दारात आणण्याची अनेक शेतकऱ्यांची इच्छा असते. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला असल्याने, आजवर परवडत नाही म्हणून बाजूला ठेवलेला बंद कॅबचा, म्हणजे चालकासाठी काचेची बंद केबिन आणि एसी असलेला ट्रॅक्टर घ्यावा का, असे आमच्या ओळखीतले दोघे-तिघे मला विचारत आहेत. आम्ही तसा ट्रॅक्टर गेल्या वर्षीच्या, म्हणजे 30 एप्रिल 2025 च्या अक्षय्य तृतीयेला घेतला. त्याच्या पहिल्या हंगामात आम्हाला जे सोसावे लागले ते या दोघा-तिघांपुरते सांगून भागणार नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या घरी ट्रॅक्टर दादा, म्हणजे माझे थोरले बंधू चालवतात. घरची भातखाचरे आहेत आणि आजूबाजूच्या गावांत चिखलणी, नांगरणीची कामेही ते भाड्याने करून देतात. वीस वर्षे उघड्या ट्रॅक्टरवर बसून, उन्हाळ्यात रोटाव्हेटरची धूळ आणि जुलैत अंगावर कोसळणारा पाऊस घेत त्यांनी हे काम केले. आता त्यांना एका कानाने कमी ऐकू येते आणि खोकला बारमाही झाला आहे. त्याच मॉडेलच्या बिनकॅबच्या ट्रॅक्टरपेक्षा जवळपास दोन लाख रुपये जास्त मोजून आम्ही कॅब घेतली, तेव्हा गावात काहींनी ती चैन ठरवली. रोज नऊ-दहा तास इंजिनाच्या मागे बसणाऱ्या माणसाच्या कानाची आणि छातीची काळजी घेणे ही चैन आहे, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. माझी तक्रार कॅबविषयी नाही, ती विकणाऱ्यांच्या तयारीविषयी आहे.

मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये एकामागून एक ट्रॅक्टर बाहेर पडत होते. हार, पेढे, फोटो झाले आणि ट्रॅक्टर अर्ध्या तासात आमच्या ताब्यात आला. हायड्रॉलिक, दिवे, ब्रेक एवढे दाखवले गेले. एसी दोन मिनिटे चालू करून थंड हवा येते हे दाखवले गेले. चार दिवसांनी सलग काम करताना छताच्या आतून दादांच्या खांद्यावर पाण्याचे थेंब पडू लागले. फोन केला तेव्हा नवीन आहे, हळूहळू बसेल, असे सांगण्यात आले. 50 तासांची पहिली सर्व्हिसिंग झाली तेव्हाही आम्ही ही गोष्ट तोंडी सांगितली आणि जॉब कार्डावर, म्हणजे सर्व्हिसिंगच्या नोंदीच्या कागदावर, फक्त तेल व फिल्टर बदलल्याची नोंद झाली. ती आमची चूक होती. तक्रार कागदावर आली असती तर पुढचे बरेचसे टळले असते.

गेल्या वर्षी 26 मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. ज्यांची राबाची, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची, पेरणी व्हायची होती त्यांचे वेळापत्रक त्याने पार विस्कटले, त्यात आम्हीही होतो. रोपे उशिरा तयार झाली आणि पुनर्वसू नक्षत्रात सगळ्यांची चिखलणी एकदमच आली. अशा वेळी, भर कामात, कॅबमधला पंखा बंद पडला आणि त्याबरोबर एसीही. फ्यूज बदलला की तासभर चाले आणि पुन्हा जाई. गावातल्या मेकॅनिकने जास्त अँपिअरचा फ्यूज घालून पाहू का, असे विचारले. दादांनी ते होऊ दिले नाही, कारण त्याने फ्यूज वाचतो आणि वायर जळते. शिवाय बाहेरच्या माणसाने हात लावला तर वॉरंटी नाकारली जाईल, ही धास्ती होतीच.

शोरूममधून फोनवर मिळालेले उत्तर मला शब्दशः आठवते : “पावसात एसी कशाला लागतो? काम तर चालू आहे ना?” बंद कॅबमध्ये पावसाळ्यात कधी बसलेलाच नसेल असा माणूस हे बोलू शकतो. ओल्या कपड्यांनी बसलेल्या चालकाच्या श्वासातली आणि अंगावरची वाफ चारही काचांवर आतून धरते. एसी त्या हवेतला दमटपणा काढून घेतो आणि काचा स्वच्छ राहतात. तो नसेल तर दहा मिनिटांत समोरचा बांध दिसेनासा होतो. दार उघडे ठेवावे तर केज व्हीलने (चिखलणीच्या लोखंडी चाकाने) उडवलेला चिखल थेट आत येतो. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसणे, हे बांधाच्या कडेने, पुढे लावणीच्या बाया वाकलेल्या असताना, कोणी जबाबदार माणूस करणार नाही. म्हणून दादांनी ट्रॅक्टर उभा केला. उघड्या ट्रॅक्टरला पावसाळ्यात एसी लागत नाही हे खरे, पण कॅबच्या ट्रॅक्टरला तो ब्रेकइतकाच कामाचा भाग आहे.

कॅबचे विजेचे काम जाणणारा मेकॅनिक शोरूमकडे नव्हता. तो जिल्ह्याबाहेरून यायचा होता आणि तो नवव्या दिवशी आला. त्याने छताचे अस्तर उघडले तेव्हा दोष तासाभरात सापडला. एसीतून निघणारे पाणी कॅबच्या खांबातून खाली सोडणारी नळी जोडणीच्या वेळीच पिळली गेली होती. पाणी छतातल्या तबकात साठून पंख्याच्या वायरच्या जोडावर गळत होते. खांद्यावर पडणारे मेमधले थेंब तेच होते. नळी सरळ करून एक जोड बदलला, आम्हाला एक रुपयाही पडला नाही. मात्र नऊ दिवसांत घरचे राब वयात गेले. भाताची रोपे साधारण 21 ते 25 दिवसांची असताना लावली तर फुटवे चांगले येतात, रोपे जून झाली की ते कमी येतात आणि त्याचा फटका हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, जातींना जास्त बसतो. भाड्याची जी कामे घेतली होती ती दुसऱ्यांकडे गेली, आणि त्यांतली दोन घरे यंदा आमच्याकडे परत येणार नाहीत. बँकेचा सहामाही हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच भरावा लागला.

वॉरंटीच्या पुस्तिकेत वर्षे आणि इंजिन चालल्याचे तास लिहिलेले असतात. त्या नऊ दिवसांत तासांचा काटा हलला नाही, पण वॉरंटीचे दिवस चालूच राहिले. दोष कंपनीच्या जोडणीतला असताना उभे राहिलेले दिवस मुदतीत का मोजावेत, याचे उत्तर मला कोणी दिले नाही. माझी मागणी एवढीच आहे की, उभे राहिलेले दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत, आणि पेरणीपासून लावणी संपेपर्यंतच्या काळात तक्रार आल्यास किती दिवसांत मेकॅनिक येईल व तोवर पर्यायी ट्रॅक्टर मिळेल का, हे विक्रीच्या कागदावर लिहिलेले असावे. जो विक्रेता कॅबचा ट्रॅक्टर विकतो त्याने एसी आणि वायरिंग जाणणारा माणूस आणि वायरिंगचा आराखडा आपल्याकडे ठेवलाच पाहिजे; एखाद्या तालुक्यात असे दोनच ट्रॅक्टर विकले गेले असतील, तरीही.

यंदा घेणाऱ्यांना सांगावेसे वाटते की, मुहूर्त साधायचा तर पूजा त्या दिवशी करा, पण ट्रॅक्टर आदल्या दिवशी नीट तपासा. एसी अर्धा तास चालू ठेवून खाली पाणी टपकते आहे ना ते पाहा; ते खाली येत नसेल तर वर साठते आहे. कॅबवर पाइपने पाणी मारून दारांची व मागच्या काचेची रबरे आतून हाताने चाचपा. कॅबचा सांगाडा ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारा आहे का, हे विचारा. आपल्या बांधावरच्या आंब्या-जांभळाच्या फांद्यांची आणि विजेच्या तारांची उंची आधी मोजून ठेवा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात आणि त्या अहवालांत चालकाच्या कानाजवळ किती आवाज पोहोचतो हेही नोंदलेले असते. आपल्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. प्रत्येक तक्रार, कितीही किरकोळ असो, जॉब कार्डावर तारखेसह लिहून घ्यावी आणि प्रत आपल्याकडे ठेवावी.

भाड्याने कामे करणाऱ्याला ग्राहक मानत नाहीत, असे आम्हाला एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले होते आणि त्यामुळे आम्ही गप्प बसलो. ते बरोबर नव्हते. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये, केवळ स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूच्या बाहेर ठेवलेली आहे. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी आपल्याला ठाण्याच्या पुढे जावे लागत नाही. मोजलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ती तक्रार ऐकतो आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते.

कृषी विभाग महाडीबीटी संकेतस्थळावरून यंत्रांना अनुदान देतो, तेव्हा कॅबच्या ट्रॅक्टरसाठी तालुक्याच्या अंतरात दुरुस्तीची सोय असल्याचे लेखी पत्र विक्रेत्याकडून घेण्याची अट त्याने घालावी, ही विनंती मी आपल्या वृत्तपत्रातून करीत आहे. आमचा ट्रॅक्टर आता नीट चालतो आहे. मागच्या काचेच्या रबरातून अजून थोडे पाणी येते. ते या वेळी जॉब कार्डावर लिहून घेतले आहे आणि मृग नक्षत्रापूर्वी बदलून द्यावे, असे पत्र शोरूमला पोच घेऊन दिले आहे.

आपला वाचक,
एक भातउत्पादक शेतकरी,
ता. मुरबाड, जि. ठाणे