दाब मोजायचा तो रात्री, नळ बंद असताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की एका वाडीत पाइपलाइन पुन्हा फुटली आणि शेजारच्या वाडीत पाण्याला प्रेशरच नाही, अशा बातम्या आपल्या अंकात बऱ्याचदा एकाच पानावर असतात. दोन्हींवर मागणी एकच होते : मोठी टाकी द्या, मोठा पंप द्या. त्याआधी वाडीच्या सगळ्यात खालच्या टोकाला प्रेशर गेज लावून रात्रीचा दाब पाहावा, अशी ग्रामपंचायतींना कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडे टाकी सड्यावर (वरच्या कातळ-पठारावर) आणि वाडी खाडीकाठी. १० मीटर उभ्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो; पुढे नुसते ‘किलो’ म्हटले आहे ते हेच. टाकीतली पातळी आणि खालचा नळ यांत ७२ मीटरचा फरक असेल, तर सगळे नळ बंद झाल्यावर तिथे ७.२ किलो दाब बसणारच. टाकी १० हजार लिटरची असो की ५० हजारांची, पाइप दोन इंची असो की चार इंची. स्थिर पाणी फक्त उभी उंची ओळखते. दिवसा नळ वाहत असताना बराचसा दाब घर्षणात जातो आणि गेजवर २ किलोच दिसतात. त्या आकड्यावर विसंबून ४ किंवा ६ किलो दाब सोसणारा पीव्हीसी पाइप टाकला, की तो रोज रात्री क्षमतेबाहेर ताणला जातो आणि एक दिवस सांध्यात सुटतो. उघड्या कातळावरून नेलेल्या पाइपाचे आयुष्य तर आणखी कमी, कारण उन्हात तापलेले पीव्हीसी नरम पडते.

मोजण्याची रीत सोपी आहे. खालच्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्ध्या इंचाचा कॉक बसवावा आणि त्यावर ० ते १० किलोचा गेज. गेज घट्ट करण्याआधी कॉक किंचित उघडून हवा बाहेर जाऊ द्यावी. रात्री सगळे नळ बंद झाल्यावर कॉक हळूहळू उघडावा. झटक्याने उघडला तर काट्याला धक्का बसतो. काटा स्थिरावला की काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारून आकडा लिहावा आणि टाकीतली पातळीही त्याच वेळी नोंदवावी. तबकडीवर किलो आणि पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) अशी दोन वर्तुळे असतात. १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय, त्यामुळे चुकीचे वर्तुळ वाचले तर सगळाच हिशेब कोसळतो. गेज पाइपाच्या २ मीटर वर भिंतीवर लावला असेल तर वाचनात ०.२ मिळवावे.

आता ७.२ ऐवजी ६ च दिसले तर? कुठेतरी पाणी अजून वाहते आहे : उघडा नळ किंवा गळती. नाहीतर चढउताराच्या लाइनीत उंचवट्यापुढच्या उतरत्या भागात हवा अडकली आहे. त्या हवेची उभी उंची जेवढी, तेवढा दाब खाली कमी मिळतो. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह, म्हणजे अडकलेली हवा बाहेर सोडणारी झडप, हवाच. रात्री पूर्ण ७.२ आणि दिवसा १ भरत असेल, तर टाकीची उंची पुरेशी आहे, पाइप अरुंद किंवा गाळाने चोंदलेला आहे. इथे मोठी टाकी बांधणे म्हणजे पैसे पाण्यात.

दाब खरोखरच जास्त निघाला तर उतारावर मधोमध ब्रेक प्रेशर टँक बांधावा. पाणी तिथे उघड्या हवेत पडते, हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि ७२ मीटरचे ३६-३६ होतात. आत येणाऱ्या पाइपाला फ्लोट व्हॉल्व्ह (टँक भरला की पाणी आपोआप बंद करणारी तरंगत्या गोळ्याची झडप) हवा, नाहीतर टँक रात्रभर भरून वाहतो. ‘प्रेशर वाढवायला’ या टँकला बायपास देणे फार घातक. खालच्या पाइपावर त्याच रात्री पूर्ण ७.२ किलो येतात.

आणखी एक, गेजबद्दल. त्यात चंद्रकोरीसारखी वाकवलेली पितळी नळी असते. दाबाने ती किंचित सरळ होते आणि दातेरी चाक काटा फिरवते. खाऱ्या हवेत लोखंडी डबा गंजतो, चाक अडकते आणि गेज काढून हातात घेतला तरी काटा ३ वरच उभा राहतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचा, ग्लिसरीन भरलेला गेज घ्यावा. दर वेळी आधी कॉक बंद करून, गेज सैल करून काटा शून्यावर येतो का ते पाहावे.

घरच्या गच्चीवरच्या टाकीसाठी मात्र हा गेज नको. ४ मीटरला ०.४ किलो, काटा जेमतेम हलतो. तिथे गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप नळाला लावून वर धरावी. घरातले बाकी नळ बंद असतील तर पाणी टाकीतल्या पातळीला येऊन थांबते. फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नये.

योजना ताब्यात घेताना ग्रामपंचायतीने प्रत्येक वाडीच्या टोकाचा रात्रीचा दाब लेखी घ्यावा आणि तो आकडा व्हॉल्व्हच्या चेंबरवर ऑइल पेंटने लिहून ठेवावा.

– एक वाचक, राजापूर