वहीची उजवी बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावीला आहे. वजन ४८ किलो. दिवाळीनंतर एका सकाळी ती कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चक्कर येऊन पडली. तिच्या सॅकमध्ये मला एक वही सापडली. डाव्या बाजूला जिममधल्या ट्रेडमिलने दाखवलेल्या कॅलरी, उजव्या बाजूला दिवसभरात खाल्लेल्या. दोन्ही बाजू रोज जुळवलेल्या. त्या जिमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘जेवढं जाळाल तेवढंच खा’. पोरीने ते अक्षरशः पाळलं. तीन महिने तिला पाळी आली नव्हती आणि मला, तिच्या आईला, पत्ता नव्हता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक कॅलरी आणि खाण्याच्या पाकिटावरची कॅलरी तिच्या हजारपट, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले.

म्हणून ते मशीन बघायला गेले. ते शरीरातलं काहीच मोजत नाही. वेग, चढ आणि वेळ यांवरून अंदाज बांधतं, आणि वजन आधीच ७० किलो धरलेलं होतं. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी (पाकिटावरची) लागते. म्हणजे ५ किलोमीटरला मशीनच्या हिशेबाने ३५०, माझ्या मुलीच्या २४०. खरं मोजायचं तर श्वास मोजावा लागतो. तोंडावर मास्क लावून किती ऑक्सिजन आत गेला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला ते पाहतात. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण पाच कॅलरी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८० च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि किती बर्फ वितळला ते मोजलं. श्वसन म्हणजे मंद ज्वलनच, हे त्यातून उमगलं. वर्गात हा प्रयोग सांगताना मला अजूनही आनंद होतो.

पण आकडा ३५० की २४०, यापेक्षा मोठी चूक वेगळीच होती. तो आकडा त्या अर्ध्या तासाचा. उरलेल्या साडेतेवीस तासांचं काय? नुसतं पडून राहिलं तरी शरीराला दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी लागते. ४८ गुणिले २४, म्हणजे साडेअकराशेच्या आसपास. अंथरुणातून न उठता! त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मेंदूचा, शिवाय हृदय, यकृत, मूत्रपिंडं. वाढीचं वय, जिने, कॉलेज हे सगळं त्यावर. हा खर्च ट्रेडमिलच्या पडद्यावर दिसत नाही, म्हणून तो वहीतही नव्हता. पुरेसं मिळेना तेव्हा शरीराने काटकसर सुरू केली आणि पाळी थांबवली, असं डॉक्टरांनी समजावलं.

आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर इथल्या कितीतरी मुली धावायला लागल्या. माझीही त्यातलीच. त्यांनी धावावं, आणि पोटभर जेवून धावावं.

माझी विनंती एवढीच. पुरवणीत ‘अर्धा तास व्यायाम, इतक्या कॅलरी’ असा तक्ता छापाल तेव्हा तो किती किलो वजनाच्या माणसाचा आहे ते लिहा, आणि त्याच तक्त्यात दिवसभर स्वस्थ पडून राहण्याचा खर्च पहिल्या ओळीत द्या. जिमचालकांनी भिंतीवरचं ते वाक्य पुसावं. त्या जिममध्ये मी दोनदा सांगून आले, ते अजून तसंच आहे.

आपली,
एक शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक