टाकी किती लिटरची, हे नंतर बघ

पुणे

प्रिय माधुरी,

तिन्ही टाक्यांचे फोटो मिळाले. नव्या घरात मासे येणार, याचा मला तुझ्याइतकाच आनंद झालाय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

दुकानदार म्हणतो दोन्ही काचेच्या टाक्या १२० लिटरच्या, म्हणजे मासेही सारखेच मावतील. लिटरचा हिशेब बरोबर आहे, पण मासे काही लिटर मोजून राहत नाहीत. उभी टाकी ४५ बाय ४५ सेंटीमीटर आणि उंची ६०. आडवी ९० बाय ४५, उंची ३०. पाणी दोन्हींत सारखंच, पण आडवीचा पृष्ठभाग उभीच्या बरोबर दुप्पट. पाण्यात हवा मिसळते ती तिथूनच. तळाची जागा आणि पोहायची लांबीही दुप्पट. म्हणून उभ्या टाकीत मासे कमीच ठेव, आणि फिल्टरचं पाणी वरचा थर हलवत राहील असं बसव.

उभ्या टाकीत एंजल मासे शोभतील. पंख धरून तो लांबीपेक्षा उंचच होतो, आणि एवढी उंची त्याला खरोखर लागते. पण जोडी एकच ठेव. सोबत निऑन टेट्रा मात्र नको, मोठे झालेले एंजल त्यांना गिळतात. नाशिकच्या थंडीत हीटर लागेलच, पाणी २६ अंशांच्या आसपास राहू दे. फायटर माशाला या टाकीत घालू नकोस. तो श्वास घ्यायला पुन्हा पुन्हा वर येतो. लांब जड शेपटी घेऊन दोन फूट चढायचं म्हणजे त्याला रोजची दमणूक.

झाडं निवडताना उजेडाचा विचार कर. दोन फूट खोल पाण्यात तळापर्यंत उजेड कमी पोचतो, त्यामुळे हिरवळीसारखं पसरणारं गवत तिथे बहुधा पिवळं पडेल. मागे व्हॅलिसनेरिया लाव, त्याच्या रिबिनीसारख्या पाती पार वरपर्यंत जातात. मधोमध एक अमेझॉन स्वोर्ड पुरे. दोन्ही मुळांतून खातात, म्हणून खाली तीनेक इंच बारीक खडी आणि मुळाशी खताच्या गोळ्या. अनुबियास मात्र मातीत पुरायचा नाही. त्याचं आडवं जाड खोड गाडलं की कुजतं. दोऱ्याने लाकडाला बांध आणि लाकूड टाकीच्या मध्यावर येईल असं टेकव. टाकी विकत घेण्याआधी एकदा हात आत घालून बघ, तळाला बोटं टेकतात का. टेकत नसतील तर दर आठवड्याची सफाई कंटाळवाणी होते आणि शेवटी राहूनच जाते.

आडवी टाकी मला जास्त आवडली. खरं सांगायचं तर एकच घ्यायची असेल तर हीच घे. झेब्रा डॅनिओचा दहा-बारांचा थवा त्यात सोड. मूळचा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, काटक आणि स्वस्त. तीन फूट लांबी मिळाली की थवा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सरळ सुटतो, ते बघत बसावंसं वाटतं. उडी मारतात, झाकण हवंच. तळाला सहा कोरी (कोरीडोरस नावाच्या छोट्या मासळ्या). त्या ओठांजवळच्या मिशांनी तळ चाळून खातात. टोकदार खडीने त्या मिशा झिजतात, म्हणून तिथे खडी नको, बारीक गोलसर वाळूच घाल. मधूनमधून त्याही हवेचा घोट घ्यायला झपकन वर जातात. एका फुटाच्या पाण्यात ते सहज जमतं. क्रिप्टोकोरिन वाळूत लाव. पहिल्या काही दिवसांत पानं विरघळल्यासारखी झाली तर उपटू नकोस, मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात.

गोदेकाठचे दगड आणणार म्हणालीस, जरूर आण. काळा पाषाण टाकीत छान दिसतो. फक्त त्यातले पांढरे ठिपके नीट बघ, काही वेळा ते चुनखडीच्या जातीचे असतात. कोरड्या दगडावर लिंबू पिळ. फेस आला तर तो दगड बाहेर. शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडेही त्याच कारणाने नकोत, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी असेल आणि ते आधीच जड असेल, तर मला कळव. मग आडव्या टाकीत डॅनिओऐवजी गप्पी आणि मॉली घेऊ, त्यांना तसंच पाणी मानवतं. नळाचं असेल तर क्लोरीन काढायचे थेंब विसरू नकोस. आणि रंगवलेली खडी कितीही चमकली तरी घेऊ नकोस.

राहिला शर्वरीचा गोल बाउल. त्यात गोल्डफिश नकोच. तो वीतभर वाढतो, घाण भरपूर करतो, आणि बाउलला फिल्टर नाही. तिला जावा मॉस आणि दोन गोगलगायी दे. पाणी गळ्यापर्यंत भरू नका, पोटाच्या रुंद भागापर्यंतच ठेवा, म्हणजे पृष्ठभाग सगळ्यात मोठा मिळतो.

टाक्या लावल्यावर लगेच मासे आणू नकोस. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर झाडं लावून टाकी चालू ठेव. मग मी नाशिकला येते, मासे आपण दोघी मिळून निवडू. आणि उभी टाकी घेतलीसच तर भरल्यावर ती दीडशे किलोंच्या घरात जाईल, तेव्हा स्टँड लोखंडी घे आणि भिंतीलगत ठेव. हे भाऊजींना आजच सांग, ते सुताराकडे जाणार आहेत म्हणालीस ना.

तुझी,
वैशाली