मॅडिसन कॅम्पग्राउंडमधल्या आजोबांना

आजोबा, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्या वाचनात येणार नाही. तुमच्या पत्नीने दिलेल्या पत्त्यावर इंग्रजी कार्ड केव्हाच पाठवलंय. लेकीने त्यावर काढलेला बायसन आमच्याकडच्या म्हशीसारखा दिसतो, तो कृपया चालवून घ्या. कार्डात मावलं नाही ते इथे लिहितेय, आपल्या माणसांसमोर. कारण आमच्यातले कितीतरी जण दर उन्हाळ्यात पोराबाळांना, भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन भाड्याच्या आरव्हीने, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या मोठ्या गाडीने, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघतात. जायच्या आधी महिनोन्महिने साइट (गाडी लावून राहायची जागा), तिकिटं, पास यांची जुळवाजुळव करतात. शेजारी कोण येणार हे मात्र कुणाच्याच हातात नसतं.

आम्ही न्यू जर्सीचे. सॉल्ट लेक सिटीला उतरून गाडी घेतली. मी, नवरा, सहा वर्षांची लेक, रांगता धाकटा आणि साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानातले दिवस छान गेले, त्यांचं वर्णन करत नाही. जेनी लेकचे फोटो सगळ्यांकडे असतात. मग यलोस्टोनला आलो आणि तुमच्या समोरच्या साइटवर गाडी लावली.

मॅडिसनला विजेची जोडणी मिळत नाही, हे माहीत होतं. गाडी उबदार ठेवणारी आमची भट्टी प्रोपेन गॅसवर चालते आणि प्रोपेन भरपूर आहे, म्हणून निर्धास्त होतो. ती गरम हवा आत ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो, हे मात्र गाडी ताब्यात देताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ऑगस्ट संपत आला होता. जवळपास सात हजार फुटांवरचं ते खोरं, रात्री पारा पार शून्याशी जातो. मध्यरात्रीनंतर केव्हातरी पंखा घुरघुरला, अडखळला आणि बंद पडला. पाठोपाठ बॅटरी उतरल्याचं सांगायला प्रोपेनचा अलार्म थांबून थांबून टुकटुक करू लागला. धाकटा दचकून उठला तो पुन्हा झोपलाच नाही. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला स्वेटरच्या आत पोटाशी घेतलं आणि उजाडेपर्यंत बसून काढलं. लेक माझ्या पायांत पाय अडकवून कुडकुडत होती आणि विचारत होती, "आपण घरी कधी जायचं?"

सकाळी फोनला रेंज मिळावी म्हणून 14 मैलांवरच्या वेस्ट यलोस्टोन गावात गेलो. आरव्हीची ही एक गंमत, साधा फोन करायला जायचं तर अख्खं घर बरोबर न्यावं लागतं, आईंनी भिजत घातलेल्या मटकीसकट. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचं नाव मी इथे घेणार नाही. पण त्यांच्या 'चोवीस तास मदती'ने आधी बुकिंग क्रमांक विचारला, मग गाडीचं मॉडेल, मग मीटरवरचे मैल, मग दुसऱ्या माणसाकडे फोन दिला आणि त्याने पुन्हा बुकिंग क्रमांक विचारला. मी म्हटलं, अहो, गाडीत तान्हं मूल आहे, सत्तरीच्या बाई आहेत. पलीकडून पाठ केलेलं वाक्य आलं, "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन, मॅम." शेवटी निष्पन्न काय, तर पार्कच्या आत मेकॅनिक येत नाही, तुम्हीच युनिट आयडाहो फॉल्सला घेऊन जा, आणि आज शनिवार आहे म्हणून सोमवारी जा. आणि अलार्मचं काय करू? "त्याचा प्लग काढून टाका." गॅस गळला तर सांगणारं यंत्र, आत दोन मुलं झोपतात, आणि म्हणे प्लग काढून टाका! गावातली मोटेलं भरलेली होती. आम्ही परत मॅडिसनला आलो.

संध्याकाळी आधी तुमच्या पत्नी आल्या. म्हणाल्या, "मघापासून तो येऊ का नको करतोय, एकदाचं बोलवा त्याला." तुम्ही तोवर रस्ता ओलांडून निम्म्यावर आलाच होतात. हातात पत्र्याची पेटी, चालताना उजवा पाय ताठ. तुमचा पहिला प्रश्न गाडीबद्दल नव्हताच. "मुलं झोपतात कुठे?" असं विचारलंत. मग नाक वर करून दाराशी, शेगडीशी वास घेतलात, गॅस गळत नाही याची खात्री केलीत आणि नवऱ्याला बजावलंत की काहीही झालं तरी अलार्मला हात लावायचा नाही.

आता मला ज्याबद्दल लिहायचंय ते.

तुम्हाला आत येऊन बाकाखालची फ्यूजची पेटी पाहायची होती. तुम्ही पायरीवर बसलात. वाकत नसलेला गुडघा समोर लांब केलात आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलात. घोट्याच्या वर येणारे कामाचे बूट, डझनभर भोकांतून ओवलेल्या नाड्या. नवरा म्हणाला, "नो, नो, प्लीज." आई आतून हात हलवत म्हणाल्या, "असू दे हो, असू दे." आम्हाला वाटलं, दाराशी आमच्या चपला ओळीने ठेवलेल्या पाहून तुम्ही रीत पाळताय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाळ याच जमिनीवर रांगतं ना? हे बूट आज बायसनच्या शेणातून आलेत."

सकाळपासून मी तीन वेगवेगळ्या माणसांना फोनवर सांगितलं होतं की गाडीत लहान मूल आहे. तिघांनाही ते ऐकू गेलं असणार, ते बहिरे नव्हते. तुम्हाला मी काहीच सांगितलं नव्हतं. दिवसभरात कधीतरी, आपल्या खुर्चीतून, तुम्ही त्या पोराला दारातून डोकावताना पाहिलं असेल. तेवढ्यावरून दुखऱ्या गुडघ्याने एकेक नाडी सोडत बसलात, आणि बाहेर ये-जा करावी लागली तेव्हा दर वेळी पुन्हा बूट घातलेत, पुन्हा काढलेत. मी ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी विसळत राहिले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, तोवर रडले नव्हते. तेव्हा मात्र रडू आवरेना.

तुमच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. लेकीच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं, तिने ते मोठ्याने जाहीर केलं. मी तिला दटावणार तोच तुम्ही तिला त्या भोकातून अंगठा हलवून दाखवलात. आदल्या रात्रीपासून तोंड पाडून बसलेली पोर खुदकन हसली. त्यानंतर टॉर्च तिनेच धरला.

दुरुस्ती काय केलीत ते मला विचारू नये. पायरीखालच्या कप्प्यातल्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर बसला होता, त्यामुळे ती धड चार्जच होत नव्हती, एवढं समजलं. तुम्ही बेकिंग सोडा मागितलात. आईंनी भज्यांसाठी आणलेली पुडी काढून दिली. पाण्यात कालवून ओतल्यावर तो फसफसला तेव्हा आईंचा चेहरा पाहण्यासारखा होता. ज्या सोड्याने आपण भजी हलकी करतो तो याही कामाला येतो म्हणून. पण उतरलेली बॅटरी रात्रीच्या रात्री काही भरणार नव्हती, आणि जनरेटर रात्री लावायला बंदी. तुम्ही आपल्या ट्रेलरच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक काढून आणलीत, आमच्या गाडीला जोडलीत आणि "सकाळी नेतो" म्हणून निघालात. नवऱ्याने पैसे काढले, ते तुम्ही पाहिले न पाहिल्यासारखे केलेत. आईंच्या बेसनाच्या लाडवांपुढे मात्र तुमची मात्रा चालली नाही. इंग्रजीतलं 'नो, थँक यू' त्यांना समजत नाही, म्हणजे समजून घ्यायचंच नसतं.

जाताना तुम्ही सांगितलंत की आयुष्यभर ट्रक चालवला. मी आईंना मराठीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वाटलंच मला. खंबाटकीत गाडी बंद पडली की कार उडवणारे भुर्रकन निघून जातात, थांबतात ते ट्रकवालेच."

त्या रात्री पंखा चालू राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही ओल्ड फेथफुल, म्हणजे थांबून थांबून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, पाहिला. तो उसळायची वाट बघत तासाभराहून जास्त बाकावर बसायचं तर मुलं झोपून उठलेली लागतात, हे ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. लेकीने मॅडिसनच्या ज्युनिअर रेंजर केंद्रात, म्हणजे मुलांसाठीच्या उद्यान-रक्षक केंद्रात, शपथ घेऊन कापडी बिल्लाही मिळवला. तिथल्या रेंजर बाईंनी एक गोष्ट सांगितली. फायरहोल आणि गिबन नद्या मिळून मॅडिसन नदी होते त्या संगमावर 1870 मध्ये शोधमोहिमेवरची एक तुकडी शेकोटीभोवती बसली होती. ही उष्ण झऱ्यांची जमीन वाटून घेऊन पैसा करायचा, असं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात एक जण म्हणाला, ही कुणाच्याच मालकीची नको, सगळ्यांची असू दे. दोन वर्षांनी, 1872 मध्ये, यलोस्टोन पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. इतिहासकार ही शेकोटीची गोष्ट फारशी खरी मानत नाहीत, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. नसेलही खरी. पण तुमच्या बॅटरीवर रात्र काढून आलेल्या मला ती त्या दिवशी पटली. एखादा माणूस तसं म्हणाला असेल, आणि बाकीच्यांना जरा लाज वाटली असेल.

अमेरिकेत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, असं आमच्या मंडळींत सर्रास म्हटलं जातं. आमच्या गल्लीत ते खरंही आहे, तिथे ओळख कचऱ्याच्या डब्यांच्या दिवसापुरती. कॅम्पग्राउंडमध्ये मात्र भिंती पातळ, पोरं उघड्यावर, कुणाचा कुकर कितव्या शिट्टीला उतरला ते समोरच्याला ठाऊक. तिथे माणसाला माणूस दिसतो. दिसल्यावर खुर्चीतून उठायचं की नाही, हे अर्थात ज्याचं त्याने ठरवायचं. त्या लूपमध्ये, म्हणजे साइटींच्या त्या गोल रस्त्यावर, आमच्यासमोर इतरही बरेच जण खुर्च्या टाकून बसले होते.

मदतवाल्यांची मेल परवा आली. आमची तक्रार 'समाधानकारकरीत्या निकाली' निघाली आहे आणि सेवेला किती तारे द्याल, असं विचारलंय. नवरा म्हणतो उत्तर देऊ नको. मी दिलंय. तारा एकही नाही, शेऱ्याच्या चौकटीत तुमच्या बुटांची हकीकत सविस्तर.

एक निरोप राहिला. आईंनी विचारलंय, गुडघ्याला काही लावता की नाही? तिळाचं तेल कोमट करून रात्री झोपताना चोळायचं, वरून फडकं गुंडाळायचं, आणि थंडीत उघडा पाय टाकून बसायचं नाही. नुसतं ऐकून सोडून द्यायचं नाही, असंही सांगायला सांगितलंय. बाटली त्यांनी बांधून ठेवली आहे. पार्सल पुढच्या आठवड्यात निघेल.

तुमची,
समोरच्या साइटवरची शेजारीण