मंत्रिमहोदय, ‘नेट चालू आहे’ हे आमच्या तक्रारीचं उत्तर नाही

प्रति,
माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात सॉफ्टवेअरचं छोटं काम करते. आम्ही पाच जण आहोत. काटोलकडच्या एका संत्रा पॅकिंग केंद्राला आम्ही वजनाच्या आणि पेट्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करून दिलं आहे. आंबिया बहाराची तोडणी ऐन भरात असताना त्यात एक चूक सापडली. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीने ती तासाभरात दुरुस्त केली. पण दुरुस्त केलेला कोड गिटहबवर चढायला रात्रीचे साडेअकरा वाजले. तोही आमच्या ऑफिसातून चढला नाही. लॅपटॉप घेऊन, स्कूटरने, धरमपेठेत माझ्या मावसभावाच्या घरी जावं लागलं. तोवर केंद्रावरच्या माणसांनी दिवसभराची वजनं कागदावर लिहून काढली होती. ऑफिसचं नेट असं अधूनमधून अडकायचं, आणि आमचा सेवादाता, म्हणजे नेट देणारी कंपनी, ‘नेट चालू आहे’ म्हणून तक्रार निकाली काढायचा.

गिटहब म्हणजे कोडचं सामाईक कोठार. त्याच्या मुळाशी असलेलं गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आणि गिटहब २००८ मध्ये सुरू झालं. कोठाराची अख्खी प्रत प्रत्येकाच्या मशीनवर असते. बदल केला की तो वर ‘पुश’ करायचा, दुसऱ्याने केलेला खाली ‘पुल’ करायचा. हिंजवडीतला प्रोग्रामर आणि परसोडीच्या आयटी पार्कमधला प्रोग्रामर त्याच कोठारातून काम उचलतात. पुण्याला न जाता नागपुरात राहून हे काम करता येतं ते त्यामुळेच.

नेट पूर्ण बंद पडलं तर माणूस फोन करतो, लाइनमन येतो, तार जोडतो. आमच्याकडे तसं नव्हतं. सकाळी पुश जायचं, संध्याकाळी अडकायचं, मध्येच एखादं जायचं. पुल मात्र नेहमी व्हायचं. स्क्रीनवर ‘रायटिंग ऑब्जेक्ट्स’पर्यंत येऊन सगळं गोठायचं आणि काही मिनिटांनी ‘द रिमोट एंड हंग अप अनएक्स्पेक्टेडली’ असा संदेश यायचा. म्हणजे पलीकडच्याने अचानक फोन ठेवला. पलीकडे बघावं तर गिटहबचं स्टेटस पान हिरवं, म्हणजे त्यांच्याकडे सगळं ठीक.

ही मुलगी रोज काटोलहून एसटीने येते. तिची ही पहिली नोकरी. तिने पासवर्डाचं टोकन तीनदा नवं केलं, गिट काढून पुन्हा टाकलं, मग एका रविवारी अख्खं विंडोज नव्याने भरलं. सोमवारी मला म्हणाली, ‘मॅडम, माझ्याच हाताला काहीतरी आहे.’ हे पत्र मी लिहायला बसले ते त्या वाक्यामुळे. जी गोष्ट कधी चालते आणि कधी नाही, तिचा दोष माणूस आधी स्वतःकडे घेतो. नवशिका तर घेतोच.

अशा वेळी सगळे एक सल्ला देतात: गिटची ‘पोस्टबफर’ नावाची सेटिंग वाढवा. गिटच्या स्वतःच्या माहितीपत्रातच लिहिलं आहे की पुशच्या बहुतेक अडचणींवर हा उपाय चालत नाही. तरी आम्ही तो केला. दोन दिवस गेले.

मग एक वही घातली. पुश अडकलं की वेळ, कोणाचं मशीन, वायफाय की केबल, कोडचा आकार, आणि त्याच मिनिटाला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जातं का, हे लिहायचं. दहा-बारा दिवसांतच वही बोलायला लागली. मशीन कोणतंही असो, अडकायचं ते ऑफिसच्याच लाइनवर. हॉटस्पॉटवरून एकदाही अडकलं नाही. दोन-चार ओळींचा बदल जायचा, मोठा बदल अडकायचा.

टपाल खातंही आपल्याच मंत्रालयात आहे, म्हणून पुढचं टपालाच्या भाषेत सांगते. नेटवरची माहिती पाकिटांतून जाते. नेहमीचं मोठं पाकीट १५०० बाइटचं. आमच्यासारख्या पीपीपीओई जोडणीत (युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये) त्यातले ८ बाइट सेवादात्याच्या चिठ्ठीला जातात आणि १४९२ उरतात. वाटेत एखाद्या टप्प्याचं तोंड याहून अरुंद असेल, तर त्या टप्प्याने ‘पाकीट मोठं आहे, लहान करा’ असा शेरा मारून पाठवणाऱ्याला कळवायचं, अशी पद्धत १९९० पासून ठरलेली आहे. हे शेरे आयसीएमपी नावाच्या संदेशांतून येतात. काही ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली हे संदेश सरसकट अडवले जातात. मग मोठं पाकीट वाटेतच टाकून दिलं जातं आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तो तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. टपाल खातं न पोचलेलं पत्र निदान शेरा मारून परत तरी आणून देतं.

पाकिटाचे तुकडे करायला मनाई करून आम्ही पिंग करून, म्हणजे ठरावीक आकाराची चाचणी-पाकिटं पाठवून, पाहिलं. पुश जात असताना १४६४ बाइट (पाकिटावरच्या पत्त्याचे २८ धरून १४९२) नीट जायचे. पुश अडकलेलं असताना १३७२ (म्हणजे एकूण १४००) जायचे आणि १४६४ गायब, कसलाही संदेश न येता. सेवादात्याकडे पुढे जायच्या दोन वाटा असाव्यात आणि त्यातली एक अरुंद असावी, एवढंच आम्ही बाहेरून ताडू शकलो. राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४०० केला. त्या दिवसापासून पुश अडकलेलं नाही.

एवढ्यावर संपलं नाही. गिटहबवरच्या कच्च्या फाइली ज्या ‘रॉ’ पत्त्यावरून उतरतात, तो पत्ता कधी उघडायचा, कधी नाही. सेवादात्याने आम्हाला दोन नेमसर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारे संगणक, दिले होते. दोघांना वेगवेगळं विचारल्यावर कळलं की एक खरा पत्ता सांगतो आणि दुसरा ०.०.०.० सांगतो, म्हणजे कुठलाच पत्ता नाही. कधी याला विचारलं जायचं, कधी त्याला. त्या दोघांऐवजी एक सार्वजनिक नेमसर्व्हर लावताच हेही मिटलं.

हा कोणाच्या आदेशाने घातलेला अडसर होता की कोणाची चूक, हे आम्ही विचारलं. उत्तर नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली गेली होती. त्यात गिटहबचा ‘गिस्ट’ हा भाग, सोर्सफोर्ज आणि इंटरनेट आर्काइव्हही होतं. दहशतवादी संघटनेचा प्रचारमजकूर हे कारण होतं. असा मजकूर अडवण्याला माझा विरोध नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९अ कलम सरकारला तो अधिकार देतं. पण २००९ च्या नियमांतला १६ वा नियम अशा मागण्या आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो, आणि त्याचा भार शेवटी आमच्यासारख्यांवर येतो. आदेशामुळे बंद असलेला पत्ता आणि बिघाडामुळे बंद असलेला पत्ता आमच्या स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात. दिवसचे दिवस आम्ही स्वतःची मशीनं उघडत बसतो.

तक्रारीचं काय झालं, तेही सांगते. कॉल सेंटरने राउटर बंद करून चालू करायला सांगितला, स्पीड टेस्ट घ्यायला लावली, वेग पूर्ण आला, आणि संध्याकाळी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. असं चार वेळा झालं. पिंगचे आकडे द्यायला मी तयार होते. ते लिहून घ्यायला समोरच्या मुलाकडे रकानाच नव्हता. त्याचा दोष नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही. वाट सेवादात्याच्या अपील प्राधिकरणाकडे जाते, आणि त्याला ३९ दिवसांची मुदत आहे. ३९ दिवसांत अर्धा बहार संपतो.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: एखादा पत्ता आदेशाने अडवला असेल तर ग्राहकाला तसं कळू द्या. आदेशातला मजकूर नको, ‘अडवला आहे’ एवढंच पुरे. नेमसर्व्हरने हे उत्तरातच सांगावं यासाठी २०२० पासून ठरावीक संकेतक्रमांक आहेत, म्हणजे नवं काही शोधायचं नाही. दुसरी: ‘एकच ठिकाण, अधूनमधून बंद’ असा तक्रारीचा वेगळा प्रकार करा. ती तक्रार स्पीड टेस्टवर निकाली काढायला मनाई असावी, आणि ग्राहकाच्या नोंदी नेटवर्क सांभाळणाऱ्या इंजिनिअरपर्यंत जाव्यात. तिसरी: पाकीट मोठं असल्याचे शेरे अडवू नयेत, असं सेवादात्यांना लेखी बजावा.

मिहानमधल्या मोठ्या कंपन्यांकडे स्वतःच्या लाइनी आणि त्या सांभाळणारी माणसं आहेत. प्रतापनगर, मनीषनगर, खामल्यात दोन खोल्यांत काम करणाऱ्यांकडे राउटर आणि एक हेल्पलाइन नंबर आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा विदर्भातली पोरं बाहेर का जातात यावर दरवर्षी बोललं जातं. आमच्या मुलीलाही पुण्याच्या मैत्रिणीने सांगितलं होतं, इकडे ये, इथे असं काही होत नाही. ती अजून इथेच आहे.

वहीची छायाप्रत सोबत जोडली आहे. अक्षर तिचं आहे. आपल्या विभागातल्या एखाद्या इंजिनिअरला त्यातलं काही विचारावंसं वाटलं, तर आम्ही दोघी उत्तर द्यायला तयार आहोत.

आपली,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक
त्रिमूर्तीनगर, नागपूर